डावं पीस, उजवं पीस

बॅडमिंटनची फुलं बनवणाऱ्या त्या कारखान्यात 'पीस' हा शब्द दिवसभर इतक्या तोंडांतून निघे, की बाहेरच्याला वाटावं, या लोकांना दुसरा शब्द येतच नाही. पीस म्हणजे बदकाच्या पंखातलं, धुऊन वाळवलेलं पांढरं पीस, हे तर झालंच. पण दोन बाया कामावर आल्या नाहीत की मुकादम म्हणे, "आज दोन पिसं गळाली." कुणाचं काम चुकलं की तो सगळ्यांदेखत त्याची पिसं काढी, आणि काढून झाली की स्वतःच आधी हसे. नवे कपडे घालून आलेलीला "आज पिसारा फुललाय" हे ऐकून घ्यावं लागे. कुणी कुणासाठी फाटकापाशी घुटमळू लागलं की "पिसं लागलंय त्याला" असा निकाल टेबलाटेबलांवरून फिरे. आणि बारीकशी गोष्ट फुगवून सांगणाऱ्याला "पराचा कावळा करू नकोस" हे ठरलेलंच. पिसांच्या ढिगात बसून ही म्हण ऐकताना नव्या माणसाला हसू येई. जुन्यांना ते येईनासं झालं होतं.

जुन्यांत सगळ्यांत जुनी आत्या. तिला खरं नाव होतं, पण तिचा भाचा शाळा सुटल्यावर फाटकाशी उभा राहून "आत्या, चल ना" म्हणून हाका मारी, तेव्हापासून ती साऱ्या कारखान्याची आत्या झाली. भाचा म्हणजे तिच्या दादाचा, थोरल्या भावाचा, मुलगा. मुकादम तिच्याहून वयानं मोठा, तोही तिला आत्याच म्हणायचा. लग्नाच्या वयात आई अंथरुणाला खिळली, मग वडील खिळले, आणि दोघांचं आटोपलं तोवर पाहायला येणारेही आटोपले होते. हे ती स्वतःच सांगायची, आणि ऐकणाऱ्यानं हसावं की नाही हे त्याच्यावर सोडायची.

तिचं काम डावं-उजवं वेगळं करण्याचं. ज्यांनी ते फूल फक्त रॅकेटनं हाणलंय त्यांना कल्पना नसते, पण पाखराच्या डाव्या पंखातलं पीस एका अंगाला वळलेलं असतं आणि उजव्यातलं दुसऱ्या. एका फुलात सोळा पिसं, आणि सगळी एकाच पंखाची लागतात. त्यात एखादं दुसऱ्या पंखाचं गेलं तर फूल हवेत झिंगतं, दारुड्यासारखं भलतीकडेच जातं. आत्या खिडकीजवळ बसे. पीस उचलायचं, बोटावर आडवं धरायचं, त्याचा बाक पाहायचा आणि डाव्या नाहीतर उजव्या पेटीत टाकायचं. पुढे पुढे तिला पाहावंही लागेना, बोटंच सांगत.

आयुष्य त्यात गेल्यावर माणूस बाहेरही तेच करू लागतो. आत्या माणसांचंही डावं-उजवं करी. ती आणि दादा एका पंखाची. दोघंही चहा बशीत ओतून पिणारी, दोघंही रडू आलं की खोकणारी. वहिनी दुसऱ्या पंखाची. कमी बोलणारी, बोलली तर टोचणारी, आणि मनातलं मनात ठेवणारी. वाईट नव्हती. पण आत्यानं तिला पहिल्याच वर्षी दुसऱ्या पेटीत टाकलं, आणि टाकलेलं पीस ती परत काढून बघत नसे.

घर म्हणजे दोन खोल्या, मधे एक भिंत. एका खोलीत दादा, वहिनी आणि पोरगा, दुसऱ्या खोलीत आत्या. पुढे फरशीचा लहान चौक आणि त्यात एकच नळ. दादाची मान दुखायची. कचेरीत दिवसभर मान खाली घालून बसल्यावर दुसरं काय होणार? पीस बुचात खोवण्याआधी त्याच्या देठाजवळची मऊ लव काढून टाकतात. मुकादमाला विचारून आत्यानं ती लव साठवली, कोमट पाण्यात धुतली, उन्हात वाळवली, जाड कापडाच्या दुहेरी खोळीत भरली आणि दादासाठी उशी शिवली. पहिल्या सकाळी दादा म्हणाला, "अगं, डोकं कुठे ठेवलंय तेच कळेना रात्रभर."

"आधी तरी कुठे कळत होतं?" वहिनी आतून म्हणाली.

आत्याला ते बोलणं टोचलं. दादा मात्र पोट धरून हसला होता, हे ती नंतर विसरली.

पुढे दादाला दम लागू लागला. रात्री जास्त. औषधं झाली, काढे झाले, खिडकी उघडी ठेवून झाली, बंद ठेवून झाली. शेवटी इस्पितळात ठेवावं लागलं. तिथे दोन दिवसांत त्याचा श्वास जरा बसला, चेहऱ्यावर रंग आला, तो बोलू लागला. आत्या भेटायला गेली तेव्हा म्हणाला, "माझी उशी आणशील? इथली दगड आहे नुसती."

ती तशीच घराकडे निघाली. भावानं तिच्याकडे काही मागितलंय, या आनंदात तिला रस्ता कधी संपला कळलं नाही. फाटक ढकललं तर चौकात वहिनी बसलेली. मांडीवर दादाची उशी, हातात कात्री. खोळ एका बाजूनं उसवलेली, आणि वहिनी आतली लव मुठीमुठीनं काढून पाणी शिंपडलेल्या पोत्यात कोंबत होती. थोडी लव भिंतीला चिकटली होती, थोडी तिच्या केसांत होती. तोंडाला तिनं फडकं बांधलं होतं.

"हे काय करतेस?"

"उसवतेय."

"का पण? दादा उशी मागतोय."

वहिनीचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

तेव्हा आत्या जे बोलली ते तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचं अंथरूण काढतात, वहिनी. जित्याचं नाही."

त्याच आठवड्यात दादा गेला. त्याचा श्वास पुन्हा चढला आणि मग उतरलाच नाही. उशी मागितलेली होती आणि मिळाली नव्हती, एवढंच आत्याच्या लक्षात राहिलं. भावानं शेवटचं मागितलेलं, आणि तेही ह्या बाईनं त्याच्या डोक्याखालून काढून घेतलं. एवढ्यावरून दोघींचा अबोला सुरू झाला. शेजाऱ्यांनी समजावून पाहिलं. उशीवरून कुणी असं करतं का, पराचा कावळा कशाला, असंही एक जण म्हणाला. त्याच्याकडे आत्यानं असं पाहिलं, की तो बिचारा पुढे कित्येक महिने नळाच्या बाजूनं गेला नाही.

भाचा घरी होता तोवर निरोप त्याच्याकरवी जात. तो नोकरीला दूरच्या शहरात गेला, तिथेच संसार मांडला, तेव्हा दोघींची पंचाईत झाली. नळ एक, फाटक एक, विजेचं बटण एक. मग लेकी बोले सुने लागे, तशी त्यांनी बादलीशी बोलायची रीत पाडली. "दुपारी पाणी जाणार आहे म्हणतात, माणसानं भरून ठेवावं," असं आत्या आपल्या बादलीला सांगे. "फाटकाची कडी लावायची राहिली होती काल," असं वहिनी तिच्या बादलीला ऐकवी. दोन्ही बादल्या समंजस होत्या. त्यांनी कधी वाद घातला नाही.

तरी खरं सांगायचं तर, संध्याकाळी कामावरून येऊन दिवा लावला, रेडिओ लावला, आपलं ताट आपणच वाढून घेतलं, की आत्याचा एक कान भिंतीकडे असे. पलीकडे भांडं पडलं, वहिनी खोकली, कपाटाचं दार कुरकुरलं, की हिला बरं वाटे. हे तिनं कुणाजवळ कबूल केलं नसतं, स्वतःजवळही नाही. पण एखाद्या दिवशी वहिनी उशिरा आली आणि भिंतीपलीकडून काहीच आलं नाही, तर हिच्या घशाखाली घास उतरत नसे.

आणि आता वहिनी जाणार होती. भाच्याचा फोन दर रविवारी यायचा, त्यात त्यानंच सांगितलं. "आत्या, आईला कायमचं इकडे आणतोय. पोरीला सांभाळायला घरचं माणूस पाहिजे. तिची छाती बाबांसारखीच नाजूक निघालीय. जरा काही झालं की दम लागतो."

"बरं आहे," आत्या म्हणाली.

"तुलाही ये म्हटलं असतं, पण..." आणि तो 'पण'वरच थांबला. मग म्हणाला, "नंतर बोलू."

आत्यानं त्या 'पण'चा अर्थ लावला. आईनं शिकवलेलं पोर, आणखी काय! शनिवारी गाडी येणार होती. त्यानंतर भिंतीपलीकडे काहीच नसणार होतं. रक्ताचं किंवा नात्याचं म्हणावं असं या गावात तिचं दुसरं कुणी नव्हतं, आणि जे होतं त्याच्याशी ती बोलत नव्हती. आपण एक शब्द न बोलता तिला जाऊ देणार का, हा प्रश्न तिला रोज टेबलाशी बसला की छळी. आणि मी का बोलू, असं उत्तर ती रोज देई.

"दोन्ही खोल्या तुझ्याच आता," मुकादम चेष्टेनं म्हणाला. "राणी झालीस, आत्या."

"हो, आणि प्रजा म्हणून पाली," आत्या म्हणाली. टेबलावरच्या बाया हसल्या. ती हसली नाही.

गुरुवारी कारखान्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्या अधूनमधून सगळ्यांच्या छात्या तपासायला येत. जेवणाच्या खोलीत पडदा लावून एकेकीला आत घेत.

"खोकला?" त्यांनी आत्याला विचारलं.

"नाही."

"दम लागतो?"

"जिना चढताना. तो वयाचा."

डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावली, श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला. "इतकी वर्षं पिसांत बसून छाती अगदी स्वच्छ आहे तुमची. नशीब म्हणायचं. सगळ्यांना सोसत नाहीत."

"काय सोसत नाही?"

"पिसं. त्यांची बारीक धूळ काहींच्या छातीला बाधते. आत सूज येते, रात्री श्वास घेता येत नाही. घरी जाण्याआधी कपडे झटकता ना? घरात कुणाला असा त्रास?"

"भावाला होता. गेला तो. पण तो इथे कामाला नव्हता, कचेरीत होता."

"मग घरात पिसांचं काही होतं का? गादी, उशी?"

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं.

"उशी होती," आत्या म्हणाली.

"मग त्यांच्या डॉक्टरांनी सगळ्यांत आधी तीच काढायला सांगितली असणार. इस्पितळात बरं वाटतं आणि घरी वाढतं, असं होतं का त्यांना?"

"हो."

"काढली होती ना उशी?"

"काढली होती. त्याच्या बायकोनं."

"शहाणी बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.

आत्या जागेवर येऊन बसली. समोर ढीग होता. तिनं पीस उचललं, पेटीत टाकलं, दुसरं उचललं, टाकलं. मुकादम मागून आला, पेटीत डोकावला. "आत्या, डाव्यात उजवं?" त्यानं पेटीत हात घातला. "हेही उजवं. अगं, हेही." तो आता तिची पिसं काढणार म्हणून सगळ्या बाया कान टवकारून बसल्या. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेटी उचलून मुकाट्यानं स्वतःच निवडायला घेऊन गेला.

तिच्या डोळ्यांपुढे तो चौक होता. तोंडाला फडकं, पाणी शिंपडलेलं पोतं. धूळ उडू नये म्हणून ते पाणी होतं. नवरा परत येणार, त्याच खोलीत झोपणार, म्हणून ती बाई खोली साफ करत होती. जित्या माणसासाठीच करत होती. आणि आपण तिला काय बोललो! दादा गेल्यावर ती एक वाक्य बोलली असती तरी पुरलं असतं: वन्सं, तुमच्या उशीनं गेले ते. खरं असो वा अर्धंमुर्धं, ते वाक्य ऐकून आत्या पुन्हा उभी राहिली नसती. वहिनीनं ते वाक्य गिळलं, आणि वर आत्याचा अबोला इतकी वर्षं मुकाट सोसला. भाच्याच्या त्या 'पण'चा अर्थही आता लागला. पोरीची छाती नाजूक, आणि आत्या म्हणजे पिसं. बिचाऱ्याला हे कोणत्या तोंडानं सांगता आलं असतं? आत्याला इतकी लाज वाटली, की रडूही आलं नाही. ती नुसती खोकत राहिली.

शुक्रवारी सकाळी दोघी नळावर आल्या. वहिनीनं बादली लावली.

"वहिनी," आत्या म्हणाली.

वहिनीनं सवयीनं आधी बादलीकडे पाहिलं. मग मान वर केली.

"दादाची उशी का उसवली होतीस?"

वहिनीनं नळ बंद केला. ओले हात पुसायला तिनं फारच वेळ घेतला. मग म्हणाली, "ढेकूण झाले होते तिच्यात, वन्सं."

"ढेकूण?"

"हो. तुम्ही इतक्या मेहनतीनं केलेली. म्हटलं, सांगून कशाला मन दुखवा तुमचं?"

इतक्या वर्षांत तिनं एवढं एकच खोटं तयार ठेवलं होतं, आणि तेही किती गरीब! तिचे कान लाल झाले होते. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, गप्प राहायची होती. मला कळलंय सगळं, असं आत्याच्या अगदी ओठांवर आलं. तिच्या पायांवर डोकं ठेवावं असंही वाटलं. पण नणंदेला रात्री झोप लागावी म्हणून जिनं एवढं ओझं वाहिलं, तिला जाता जाता सांगायचं की बाई, तुझं ओझं फुकट गेलं, मला झोप लागणार नाहीच? हे तिच्यानं होईना.

"मग बरं केलंस," आत्या म्हणाली. "ढेकूण वाईटच."

"हो ना," वहिनी म्हणाली. तिनं नळ सोडला, आणि दोघींनी पाणी भरलं. "तुम्ही आधी घ्या," असं वहिनी म्हणाली ते थेट आत्याला. तेवढं बोलणं झालं.

शनिवारी गाडी संध्याकाळी यायची होती. भाचा लवकर निघाला असेल, दुपारीच आली. शेजाऱ्यानं कारखान्यात फोन करून सांगितलं. मुकादम म्हणाला, "जा, पळ." आत्या हात न धुता, कपडे न झटकता निघाली आणि वयाला न शोभेल अशी चालत सुटली.

फाटकाशी गाडी उभी होती. भाचा मागच्या बाजूला बोचकी लावत होता. वहिनी पिशवी घेऊन चौकात उभी. आणि तिच्याजवळ ती पोर, जिला आत्यानं आजवर फोनच्या काचेतच पाहिलं होतं. पोरीनं आत्याला ओळखलं. "फोनमधली आजी," ती म्हणाली आणि दोन्ही हात पसरून धावत सुटली.

आत्याचेही हात उठले. ते अर्ध्यावर आले तेव्हा तिला आपली बाही दिसली. बाहीवर, छातीवर, सगळीकडे पांढरी लव. ती मागे सरली. पुन्हा सरली, पाठ भिंतीला लागेपर्यंत.

"थांब बाळा, तिथेच थांब," ती म्हणाली. "जवळ नको येऊस. माझ्या अंगावर पिसं आहेत."

पोर जागच्या जागी थांबली. भाच्यानं हातातलं बोचकं ठेवलं आणि मान खाली घातली. वहिनी एकटक आत्याकडे पाहत होती. तिच्या हातातली पिशवी हळूहळू फरशीला टेकली.

"कधी कळलं?" वहिनीनं विचारलं.

"परवा."

वहिनीनं मनात मागे मोजलं. नळावरचं बोलणं कालचं होतं. तिचा चेहरा एकदम इतका उघडा पडला, की आत्याला तिच्याकडे पाहवेना. इतक्या वर्षांत वहिनीला रडताना तिनं पाहिलं नव्हतं, दादा गेला तेव्हाही नाही. आताही वहिनी रडली नाही. तिनं पोरीला खांद्याला धरून आपल्याजवळ घेतलं आणि पायरीवर बसली.

"आंघोळ करून या, वन्सं," ती म्हणाली. "डोक्यावरूनही घ्या. हे कपडे बाहेरच ठेवा. मग घ्या तिला."

"निघायला उशीर होईल तुम्हाला."

"होऊ दे."

आत्या न्हाणीत गेली. तिनं तांब्यावर तांब्या पाणी डोक्यावरून घेतलं, केस चोळले, कानांच्या मागे चोळलं, नखांत चोळलं. पाण्याबरोबर पांढरी लव मोरीकडे जात होती आणि पुन्हा पाहावं तर आणखी असे. आता तिला रडू आलं, आणि पाण्यात ते कुणाला कळलं नसतं तरी ती खोकली. बाहेर पोर विचारत होती, "अजून किती वेळ लागेल आजीला?"

"लागेल तेवढा," वहिनी म्हणाली.